हीट संपून महिना झाला, कुत्री सारखं पाणी पिते आणि खात नाही: गर्भपिशवीत पू झाला असेल तर काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे डिचोलीला तुमच्याकडे सात वर्षांची ब्राउनी आहे, लॅब्राडोर क्रॉस, नसबंदी केलेली नाही, पिल्लं कधी झालेली नाहीत, पाच आठवड्यांपूर्वी हीट (माज) संपली आणि आता चार दिवस झाले जेवण निम्म्यावर आलंय, पाणी मात्र भांडंच्या भांडं संपवते, रात्री घरात शू करते, शेपटीखाली सारखी चाटते आणि काल तिच्या गोणपाटावर पिवळट लालसर डाग दिसला. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पिशवीत पू आहे, लगेच ऑपरेशन करू असं सांगितलं, आणि घरचे म्हणतायत आधी आठ दिवस अँटिबायोटिक देऊन बघू, या वयात कशाला कापायचं. तर आधी उत्तर देतो, बाकीचं सावकाश वाचा: तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत, आठ दिवस थांबू नका, आज जा.

मी फोंड्याला वीस वर्षांच्या वर प्रॅक्टिस करतोय, आणि नसबंदी न केलेल्या मोठ्या वयाच्या कुत्रीला घेऊन कोणी आत आलं की मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, शेवटची हीट कधी झाली. दहातल्या आठ घरांत कोणालाच आठवत नाही. तुम्हाला आठवलं हे फार बरं झालं, कारण या आजारात निम्मं निदान त्या तारखेत असतं. हीट संपल्यावर साधारण दोन आठवड्यांपासून दोन-अडीच महिन्यांपर्यंतचा काळ हा पायोमेट्राचा, म्हणजे गर्भपिशवीत पू होण्याच्या या आजाराचा काळ. त्या काळात नसबंदी न झालेली कुत्री मलूल झाली आणि पाणी जास्त प्यायला लागली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मी तो पायोमेट्राच धरून चालतो.

हे का होतं ते सांगतो, कारण घरात कोणाला तरी वाटतं की आपण अस्वच्छता ठेवली किंवा कुठल्या तरी रस्त्यावरच्या कुत्र्यामुळे झालं. तसं काही नसतं. कुत्रीचं शरीर असं आहे की हीटनंतर ती गाभण राहो न राहो, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दोन महिने चढंच राहतं. त्याने गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड होतं, त्यातून स्राव सुटतो, पिशवीचे स्नायू शांत पडतात म्हणजे आत काही साचलं तरी ती ढकलून बाहेर टाकत नाही, पिशवीचं तोंड मिटतं आणि तिथली प्रतिकारशक्ती पण खाली येते. हे सगळं पिल्लं रुजावीत म्हणून. पण दर सहा-सात महिन्यांनी, वर्षानुवर्षं, पिल्लांशिवाय हेच होत राहिलं की अस्तरात पाण्याच्या गाठी धरतात, आणि हीटच्या वेळी तोंड उघडं असताना तिच्याच शौचातले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, वर चढलेले असतात त्यांना आयतं घर मिळतं. स्वीडनमध्ये नसबंदीची फारशी पद्धत नाही, तिथल्या विम्याच्या नोंदींतून दिसलं की दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ चारातल्या एका कुत्रीला हा आजार होतो. म्हणजे हा दुर्मिळ आजार नाही, आपण तो दुर्मिळ समजतो एवढंच.

आता पाण्याचं. हे मला जरा जास्त लिहायचंय कारण याच ठिकाणी घरोघरी चूक होते. त्या जंतूंचं विष रक्तात उतरतं आणि किडनीला पाणी राखून ठेवायचा जो निरोप मेंदूकडून येतो तो किडनीला ऐकू येईनासा होतो, मग शू पाण्यासारखी आणि भरपूर होते, आणि गेलेलं पाणी भरून काढायला ती पीत राहते. म्हणजे ती जास्त पिते म्हणून जास्त शू होत नाही, उलटं आहे. वाळपईच्या बाजूचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं, आजी बिचारी मनापासून काळजी घेणारी, पण रात्री फरशी ओली होते म्हणून तिने संध्याकाळी सातनंतर पाण्याचं भांडं वर ठेवायला सुरुवात केली. तीन दिवसांत ती कुत्री अशी सुकली की मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, हिरड्या चिकट, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडलीय ते सांगणारा रक्तातला आकडा, इतकं वर की ऑपरेशनच्या आधी दीड दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. वाचली ती, पण थोडक्यात. तर ब्राउनीचं पाणी अजिबात कमी करू नका. मोजायचं असेल तर लिटरच्या बाटलीने भरून ठेवा. वीस किलोच्या कुत्रीला दिवसाला एक-सव्वा लिटर ठीक, दोन लिटरच्या वर गेलं की नक्की काहीतरी बिघडलंय.

दुसरी गोष्ट खास आपल्या गोव्याची. इथे कुत्रं मलूल झालं, खाल्लं नाही की सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो टिक फिव्हर, आणि त्यात चूक पण नाही कारण गोचीड आपल्याकडे बारा महिने, आणि त्यांच्यातून येणारे एर्लिकिया, बबेसिया हे रक्तातले जंतू भरपूर. पण त्यामुळे होतं काय, मेडिकलमधून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू होतं, दोन दिवस थोडं बरं वाटतं, परत पडतं, आणि पाच-सहा दिवस गेलेले असतात. त्यात गोंधळ असा की पायोमेट्रामध्ये पण प्लेटलेट खाली येऊ शकतात आणि ॲनिमिया होतो, आणि टिक फिव्हरची ती पट्टीवरची अँटीबॉडी टेस्ट आपल्याकडच्या कित्येक धडधाकट कुत्र्यांची सुद्धा पॉझिटिव्ह येते कारण ती फक्त कधीतरी जंतूशी गाठ पडली होती एवढंच सांगते. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी हीटची तारीख जवळची असेल तर पोटाची सोनोग्राफी करूनच घ्या, दोन्ही आजार एकाच वेळी असलेल्या कुत्र्या पण मी पाहिल्यात. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) पण असाच दिसतो, उलट्या, जास्त पाणी, किडनी बिघडलेली, तो पण डोक्यात ठेवावा लागतो.

ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, आणि पायोमेट्राच्या बऱ्याच केसेसमध्ये ते तेवढंच असतं. उलट ९९ च्या खाली गेलं आणि हिरड्या पांढरट किंवा विटकरी झाल्या तर ती शॉकमध्ये चाललीय, तिथे तासांचा हिशेब असतो.

ब्राउनीच्या बाबतीत एक बरं आहे की डाग दिसला, म्हणजे पिशवीचं तोंड थोडं उघडं आहे आणि पू बाहेर येतोय. कधी तो दाट पिवळट असतो, कधी पेजेत रक्त कालवल्यासारखा, कधी चॉकलेटी. पुष्कळ कुत्र्या इतक्या स्वच्छ असतात की थेंब पडायच्या आत चाटून घेतात, म्हणून सारखं चाटणं हेच लक्षण समजा. खरी भीती तोंड बंद असलेल्या पायोमेट्राची. बाहेर काहीच दिसत नाही आणि पोट भरत जातं. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ पाळीव मिक्स कुत्रीला गाडीच्या मागच्या सीटवर घेऊन आले, पाऊस धो धो, आणि आल्या आल्या मला म्हणाले, दोतोर, पोटांत पिलां आसात, पूण दोन दीस जाले जेवना. घरात पाहुणे, सगळे खुश की पिल्लं होणार. मी पोटाला नुसता हात लावला आणि काढून घेतला. दाबून बघायचं नसतं, पिशवी ताणून कागदासारखी पातळ झालेली असते. सोनोग्राफीवर पिल्लांचे ठोके नाहीत, काळ्या पाण्याने भरलेल्या जाड नळ्या, एकीला लागून एक. रात्री साडेदहाला ऑपरेशन केलं, बावीस किलोच्या त्या कुत्रीची पिशवी वजनकाट्यावर ठेवली तर अडीच किलोच्या वर भरली, आणि एका जागी रंग असा काळपट निळा की अजून अर्धा दिवस गेला असता तर तिथेच फुटली असती. फुटली की पू सगळ्या पोटात, आणि मग वाचायची शक्यता झपकन खाली येते. ती पाचव्या दिवशी शेपटी हलवत घरी गेली. म्हणून सांगतो, घरी पोट दाबून बघू नका, आणि गाडीत चढवताना पोटाखाली हात घालून उचलू नका, एक हात छातीच्या पुढून आणि एक मांड्यांच्या मागून.

पायोमेट्रा आहे की गाभण हे एक्सरेवर लवकर कळत नाही, कारण पिल्लांची हाडं साधारण ४५ दिवसांनंतर दिसायला लागतात, त्याआधी दोन्हीकडे पिशवी नुसती मोठी दिसते. सोनोग्राफीवर मात्र २५ दिवसांच्या आसपास ठोके दिसतात, म्हणून तीच करायची. रक्तात पांढऱ्या पेशी बघायच्या, कुत्र्यात १७ हजारांपर्यंत ठीक, पायोमेट्रात ३०-४० हजार सहज दिसतात, पण तोंड उघडं असेल तर नॉर्मल पण येऊ शकतात, आणि एकदम कमी आल्या तर ती चांगली बातमी नाही, शरीर दमलंय असा त्याचा अर्थ. क्रिएटिनिन, साखर, जमलं तर लिव्हर. शू तपासायची असेल तर पडलेली घ्या, पोटात सुई घालून काढलेली नको, सुई पिशवीत गेली तर पू पोटात सांडतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, नुसत्या अँटिबायोटिकने का नाही. पिशवीत अर्धा-एक लिटर पू साचलेला असताना गोळी रक्तातले जंतू मारेल, पण त्या साठ्यात ती पुरेशी पोचत नाही, आणि ज्या अस्तरात आणि ज्या हार्मोनमुळे हे सुरू झालं ते तसंच राहतं. गळू झालं तर आपण फोडून पू काढतोच ना, नुसत्या गोळ्यांवर बसत नाही, इथे ते गळू पोटाच्या आत आहे एवढाच फरक. गोळ्यांनी दोन-तीन दिवस ती बरी वाटेल, खाईल पण, आणि तेच फसवं असतं.

ऑपरेशन म्हणजे दोन्ही अंडाशयांसकट पिशवी काढायची. पण थेट टेबलावर नाही घ्यायचं. आधी शिरेतून सलाईन, शिरेतूनच अँटिबायोटिक, साखर कमी असेल तर डेक्स्ट्रोज, वेदनेचं औषध, उलटीचं औषध. काही तासांत रक्तदाब, हिरड्यांचा रंग, शू सुधारते, आणि मग भूल. बहुतेक केसेस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी होतात. सात वर्षं हे काही वय नाही, मी तेरा वर्षांच्या पॉमेरेनियनची केलीय. भुलेचा धोका असतोच, पण वेळेत आलेल्या कुत्र्यांत मृत्यूचं प्रमाण शंभरात साधारण ३ ते ५ एवढं आहे, ऑपरेशन न करता पू आत ठेवला तर धोका त्याच्या कितीतरी पट. तुम्ही जेवढे दिवस थांबाल तेवढी तुमची सातवर्षांची आणखी आजारी होऊन त्याच टेबलावर येणार, वय तेच राहील, किडनी मात्र तीच राहणार नाही. विचारायचंच असेल तर डॉक्टरांना हे विचारा की सलाईनची सोय रात्रभर आहे का, ऑपरेशननंतर कोण थांबणार, क्रिएटिनिन परत कधी बघणार. असं विचारलं म्हणून चांगला डॉक्टर चिडत नाही.

औषधाने पिशवी रिकामी करायची पद्धत आहे, नाही असं नाही. ॲग्लेप्रिस्टोन हे प्रोजेस्टेरॉनला अडवणारं इंजेक्शन, त्याच्यासोबत प्रोस्टाग्लँडिन जे पिशवी आकुंचन करून पू बाहेर काढतं, आणि अँटिबायोटिक. पण ते कोणासाठी, तर तरुण कुत्री, तोंड उघडं, किडनी ठीक, तब्येत स्थिर, आणि मालकाला तिच्यापासून खरोखर पिल्लं हवीत. त्यात पण प्रोस्टाग्लँडिनने धाप, लाळ, उलट्या, जुलाब होतात, दवाखान्यात ठेवून रोज सोनोग्राफी करावी लागते, तोंड बंद असताना नुसतं प्रोस्टाग्लँडिन दिलं तर पिशवी फुटू शकते, आणि पुढच्या हीटनंतर परत होण्याची शक्यता मोठी, म्हणून लगेच पुढच्याच हीटला क्रॉस करायचा सल्ला देतात. ब्राउनीला पिल्लं नकोच आहेत, मग हा खटाटोप तिच्यासाठी नाही.

सासूबाई म्हणतात ना, एकदा पिल्लं होऊ दिली असती तर हे झालं नसतं. त्यात थोडं तथ्य आहे, पिल्लं झालेल्या कुत्र्यांत प्रमाण काहीसं कमी दिसतं, पण ते संरक्षण नव्हे, चार वेत झालेल्या कुत्रीला पण पायोमेट्रा झालेला मी काढलाय. आणि त्या एका वेताची सहा-सात पिल्लं कुठे जाणार हा प्रश्न गोव्यात कोणाला समजावून सांगायला नको.

आणखी एक, कळकळीने. हीट थांबवायची किंवा चुकून लागली म्हणून घ्यायची इंजेक्शनं आणि गोळ्या. प्रोजेस्टेरॉनसारखी किंवा इस्ट्रोजेनची ही औषधं पायोमेट्राला हाताने आणून दारात बसवतात. मांजरांत तर हे फार होतं, मांजरी रात्रभर ओरडते, शेजारी कंटाळतात, मग कोणीतरी महिन्याला एक गोळी द्यायला सांगतं. मांजरीत पायोमेट्रा कुत्रीपेक्षा कमी, कारण मेटिंग झाल्याशिवाय सहसा तिचं अंडं सुटत नाही आणि प्रोजेस्टेरॉन चढत नाही, पण गोळीने आपणच ते चढवतो. आणि मांजर लपवते. पाणी जास्त पितेय हे कळत नाही, डाग चाटून घेते, फक्त कपाटामागे बसून राहते आणि पोट गोल दिसतं. घरातली क्रोसिन तिला देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला मारतं. कुत्रीला पण ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम काही नको, आधीच किडनी ताणलेली असते.

शेपटीखालून अंगावर जाणारं सगळंच पायोमेट्रा नसतं. रस्त्यावरच्या किंवा मोकळ्या फिरणाऱ्या कुत्रीला नुसतं रक्त ठिबकतंय, खाते-पिते छान, हीट नाही, तर टीव्हीटी म्हणजे मेटिंगमधून पसरणारी गाठ असू शकते, आत फुलकोबीसारखी लागते, आणि ती व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याच्या इंजेक्शनांनी छान बरी होते. आणि व्यायल्यावर चार-सहा दिवसांत ताप, घाण वासाचं पातळ काळपट पाणी, पिल्लांना जवळ घेत नाही, दूध आटलं, तर तो मेट्रायटिस, म्हणजे व्यायल्यानंतर पिशवीला झालेला जंतुसंसर्ग, पिल्लू किंवा वार आत राहिली असू शकते. व्यायल्यावर पहिल्या दिवशी हिरवट आणि नंतर दोन-तीन आठवडे लालसर तपकिरी थोडं थोडं जाणं नॉर्मल, वास आणि आईचा चेहरा बघा. मेट्रायटिसमध्ये पण त्याच दिवशी न्यायचं, आणि पिल्लांना वरचं दूध सुरू करायचं.

आपल्याकडे वस्तीतल्या कुत्र्यांची नसबंदी संस्था करतात, कान कापलेल्या कुत्र्या तुम्ही बघता, त्यांना हा आजार होत नाही, आणि घरात सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्रीला होतो याचं मला फार वाईट वाटतं. घरच्या कुत्रीची नसबंदी हीट संपून दोन-तीन महिन्यांनी करायची, तेव्हा रक्तस्राव कमी. मोठ्या जातीत वाढ पूर्ण होऊ द्या, वर्षाच्या आसपास किंवा पुढे, लहान जातीत लवकर चालतं. मोठ्या कुत्र्यांत नंतर कधी कधी झोपेत शू गळते आणि वजन वाढतं, हे पण आधी माहीत असू दे, त्याला औषध आणि मोजून जेवण आहे. फक्त अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर उरलेल्या टोकात परत पू होऊ शकतो, म्हणून नसबंदी झालेली कुत्री परत हीटवर आल्यासारखी वाटली तर दुर्लक्ष नको. तोपर्यंत ज्यांच्या घरी नसबंदी न झालेली कुत्री आहे त्यांनी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी हीटचा पहिला दिवस लिहावा आणि त्यापासून तीन महिने तिच्या पाण्याच्या भांड्यावर नजर ठेवावी.

ताई, आज जाताना एवढं करा. सकाळपासून जेवण देऊ नका, पाणी निघेपर्यंत चालू ठेवा. तिने घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, नुसती नावं सांगू नका. डाग पडलेल्या गोणपाटाचा फोटो काढून ठेवा. जुनी चादर आणि चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा कोन घ्या, टाके दहा-चौदा दिवस राहतील आणि ती चाटणारच. ऑपरेशन झालं की पाणी पिणं एका दिवसात कमी होत नाही, आठवडाभर हळूहळू उतरतं, घाबरू नका, पण उलट्या सुरू राहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी शू झालीच नाही तर रात्र असली तरी फोन करा डॉक्टरांना. क्रिएटिनिनचा आजचा आकडा आणि आठवड्यानंतरचा आकडा मला कळवा, दोन्ही बघितल्याशिवाय मला पण चैन पडणार नाही.